८७ पटींनी लहान रेल्वेचा कारभार

पुणे ते लोणावळा हा रेल्वेमार्ग ६४ किलोमीटरचा. तो ८७ पटींनी लहान करून मांडायचा म्हटला, तरी सुमारे ७३५ मीटर रूळ लागतील. एवढी जागा कुणाच्या घरात असते? त्यामुळे रेल्वेच्या प्रतिकृतींचा नाद लागलेला माणूस पहिल्याच दिवशी अंतराच्या बाबतीत थापा मारायला शिकतो. दोन स्थानकांच्या मधे डोंगर उभा करतो, गाडी बोगद्यात घालतो आणि ती बाहेर येईपर्यंत पाहणाऱ्याला पुढचा गाव आल्यासारखं वाटावं, याची तजवीज करतो.

८७ हा आकडा ‘एचओ’ या जगभर रूढ असलेल्या मापाचा. खऱ्या एका फुटाला इथे साडेतीन मिलिमीटर. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या प्रमाण रुळांचं बरोबर छोटं रूप. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ने भागलं की १९.३ येतात आणि त्या रुंदीचे तयार रूळ बाजारात सहज मिळत नाहीत. मग भारतीय गाड्या करणाऱ्यापुढे दोनच वाटा. एक तर स्लीपर कापून रूळ स्वतः ठोकायचे, नाहीतर आपलं इंजिन परक्या, अरुंद रुळांवर चालवायचं. बहुतेक जण दुसरी वाट धरतात. बाजूने पाहिलं तर फरक कळत नाही. वळणांचंही तेच. ब्रॉडगेजवरच्या तीव्रतम वळणाची त्रिज्या १७५ मीटर. तिचा मान राखायचा तर नुसतं अर्धवर्तुळ बसवायला चार मीटर रुंद खोली हवी.

या सगळ्या तडजोडींची कला ज्याने केली, तो जॉन अ‍ॅलन हा अमेरिकन छायाचित्रकार. जन्म १९१३चा, तब्येत नाजूक, हृदय लहानपणापासून दुबळं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी राहायला आला आणि तिथे ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची काल्पनिक रेल्वे उभारू लागला. नावात ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ अशी कोटी होती. १९५३पासून ही रेल्वे घराच्या तळघरात वाढत गेली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, त्यांच्या कड्यांवरून जाणारे लाकडी पूल, जागा दुप्पट भासावी म्हणून बेमालूम लपवलेले आरसे. रुळांवर एक स्टेगोसॉरससुद्धा होता. त्याचं नाव एमा, काम शंटिंगचं!

डोंगर सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मात्र अ‍ॅलनचं मोठं काम वाटतं ते मळाचं. तोवर प्रतिकृती म्हणजे चकचकीत रंगवलेली, काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी वस्तू. अ‍ॅलनने इंजिनांवर काजळी चढवली, वाघिणींना गंज लावला, शेडच्या फळ्या उन्हापावसाने पांढुरक्या केल्या. इंजिनशेडसारखं एखादं छोटं काम हाती घ्यायचं आणि छताची कुठली फळी आधी कुजेल, धूर कुठे साचेल, इथपर्यंत विचार करायचा, ही त्याची पद्धत. व्हार्नी या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींसाठी त्याने आपल्याच रेल्वेची छायाचित्रं काढली. बारीक छिद्रातून प्रकाश घेऊन, जवळचं इंजिन आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट ठेवून. त्या चित्रांत खरं-खोटं ओळखणं अवघड होतं.

आणि ही रेल्वे नुसती बघायची नव्हती. मित्र जमत, कामं वाटून घेत. वेळापत्रक असे, कुठली वाघीण कुठल्या गोदामाला पोचवायची हे ठरलेलं असे. घड्याळही वेगाने धावणारं, कारण अंतर आक्रसलं की वेळही आक्रसावी लागते. आपल्याकडे कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं छोटं शहर १९९८पासून लोक कौतुकाने पाहतात. तिथे सिग्नल आपोआप पडतात, गाड्या सुटतात, मुलं बाकांवरून माना उंचावतात. तो प्रयोग प्रेक्षकांसाठी आहे. अ‍ॅलनच्या तळघरात पाहुण्यालाच कामाला जुंपत. दोन्हींची गंमत वेगळी, पण नाद कशाला म्हणायचं ते दुसऱ्या ठिकाणी जास्त कळतं.

जानेवारी १९७३मध्ये हृदयविकाराने अ‍ॅलन गेला. मुख्य मार्ग तेव्हा जवळजवळ पुरा होत आला होता. दहा दिवसांनी घराला आग लागली आणि रेल्वे जळाली. आज ती उरली आहे मुख्यतः त्याने स्वतः काढलेल्या छायाचित्रांत.

जळून न जाणारी एक गोष्ट त्याने त्याआधीच करून ठेवली होती. १९७२ साली ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात त्याने ‘टाइमसेव्हर’ नावाचं शंटिंगचं कोडं छापलं. एक फळी, पाच सांधे, तोकड्या मार्गिका, एक इंजिन आणि थोड्या वाघिणी. कुठली वाघीण कुठे लावायची ते ठरलेलं. कमीत कमी वेळात ज्याचं शंटिंग संपेल तो जिंकला. मार्गिका मुद्दामच इतक्या आखूड, की एक वाघीण जागेवर लावायला दुसरी दोनदा हलवावी लागते. नवशिक्या पाऊण तास तिथेच पुढे-मागे करत बसतो. रुळांची रुंदी, वळणाची त्रिज्या, खोलीचं माप यांतलं काहीच इथे आड येत नाही. वन-बीएचकेतल्या पुस्तकांच्या कपाटावरही ही फळी बसते. भारतीय वाघिणी घेऊन खेळणाऱ्याने फक्त एवढं पाहावं, की सर्वांत लांब वाघीणही सर्वांत आखूड मार्गिकेत मावते आहे.