घरातली कचेरी आणि दूरचे गुरुजी

बदलापूरच्या नोकरदाराला नेहमीच दोन नोकऱ्या असतात. एक मुंबईच्या कचेरीतली आणि दुसरी लोकलमधली! मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे ६८ किलोमीटर. जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास सहज खर्ची पडतात.

२३ मार्च २०२० पासून करोनामुळे लोकल बंद झाली आणि ही दुसरी नोकरी एकाएकी सुटली. आमच्या मांजर्लीत कितीतरी घरांतल्या जेवणाच्या टेबलाची कचेरी झाली. सर्वसामान्य प्रवाशांना गाडीचे दार उघडले ते १ फेब्रुवारी २०२१ रोजी, आणि तेही ठराविक वेळांपुरते.

जुन्या, मुरलेल्या मंडळींचे यात फारसे अडले नाही. पंचाईत झाली ती नवशिक्यांची. आमच्या शेजारच्या मुलीला याच काळात नोकरी लागली. लॅपटॉप कुरियरने घरी आला. शिकवणी पडद्यावर झाली आणि ती चांगलीही होती. पण खरे काम सुरू झाले आणि पोर रडकुंडीला आली.

कारण साधे आहे. कचेरीतले निम्मे शिक्षण कोणी मुद्दाम देत नाही. शेजारच्या टेबलावरचे अनुभवी गृहस्थ चिडलेल्या गिऱ्हाइकाला फोनवर कसे शांत करतात, हे नुसते कानांवर पडून माणूस शिकतो. मान वळवून विचारले की दोन मिनिटांत उत्तर मिळते. घरी मात्र 'एवढ्याशा गोष्टीसाठी साहेबांना फोन कसा करायचा?' या संकोचात अख्खी दुपार जाते.

तिच्या वरिष्ठांनी यावर एक तोड काढली. एका अनुभवी बाईंनी रोज चार वाजता तिला पंधरा मिनिटे फोन करायचा. कामाचा हिशेब मागायचा नाही, फक्त विचारायचे, "आज कुठे अडलं?" महिन्याभरात मुलगी रुळली.

याला शास्त्राचाही आधार आहे. चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. टेलिफोनवर काम करणाऱ्या ज्या मंडळींना आठवड्यातले चार दिवस घरी बसवले, त्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले! पण दोन गोष्टी विसरू नयेत. घरून काम करण्याची मुभा निदान सहा महिने नोकरी झालेल्यांनाच होती, आणि घरी स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. शिवाय एकटेपणाला कंटाळून बरेच जण पुढे आपणहून कचेरीत परतले. सारखेच काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांआड असलेला माणूस मनाआडही होतो, तो असा!

मांजर्लीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात स्वतंत्र खोली कुठून आणायची? तेव्हा निम्मी जबाबदारी घरच्यांची. "घरीच तर आहेस, जरा सिलिंडरवाल्याला दार उघड," हे वाक्य कामाच्या वेळेत गिळलेले बरे.

उरलेली निम्मी जबाबदारी वरिष्ठांची. आपणही कधीतरी कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकलो. आता ती शेजारची खुर्ची उरली नसेल, तर निदान दिवसाची पंधरा मिनिटे तरी राखून ठेवावीत. नव्या माणसाच्या फोनची वाट पाहू नये; आपणच करावा.