दुसरा राऊटर लावा, पण पत्ते एकालाच वाटू द्या

ब्रॉडबँडचा डबा घरात कुठे बसणार हे बहुतेक वेळा घरमालक ठरवत नाही, तार ठरवते. कोकणातल्या तळा या गावासारख्या ठिकाणी खांबावरून आलेली फायबरची तार घराला जिथे पहिल्यांदा टेकते ती जागा म्हणजे ओटी नाहीतर पडवी. जोडणी करणारा तिथेच खिळा ठोकतो, डबा टांगतो आणि पुढच्या घराकडे निघतो. मग अंगणात रेंज भरपूर आणि माजघराच्या पलीकडे शुकशुकाट. तळा, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, चांगल्या जाडजूड. जांभा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला आणि सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. एका भिंतीत संदेशाची ताकद १० डेसिबलने घटली तर पलीकडे दहावा हिस्सा पोचतो. अशा दोन भिंती आल्या की शंभरावा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंतीपुढे तीच आधी हार मानते. पत्र्याच्या आडोशाचे तर विचारायलाच नको, तो लहरी सरळ परत पाठवतो.

अशा वेळी कंपनीचा सल्ला ठरलेला असतो: मोठा प्लॅन घ्या. तो दर वेळी चुकीचा असतो असे नाही. पण त्याची परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप इथरनेट तारेने थेट डब्याला जोडून वेग मोजावा. तिथे पैसे भरले तितका वेग मिळत असेल आणि मागच्या खोलीत त्याचा दशांशही नसेल, तर अडचण खांबापासून डब्यापर्यंत नाही, डब्यापासून मोबाइलपर्यंत आहे. १०० एमबीपीएसच्या जागी ३०० घेतल्याने जांभ्याची भिंत पातळ होत नाही. मागच्या खोलीजवळ दुसरे रेडिओ यंत्र हवे आणि ते पहिल्याला तारेने जोडलेले हवे. इथवर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो बाजारातून आणलेला नवा राऊटर जोडताना, कारण तो नुसते वायफाय पसरवत नाही, घरातल्या यंत्रांना पत्तेही वाटतो. आणि ते काम कंपनीचा डबा आधीपासून करत असतो.

हे पत्त्यांचे प्रकरण जुन्या टंचाईतून आले आहे. इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. १९९४ मध्ये पत्ते बदलून देण्याची 'नॅट' ही युक्ती मांडली गेली, आणि १९९६ मध्ये १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह काही गट खासगी जाळ्यांसाठी कायमचे बाजूला काढले गेले. नॅट म्हणजे काय, ते मुंबईच्या गिरणगावावरून कळते. तिथल्या एका खोलीत गावाकडचे दहा-पंधरा चाकरमानी राहत आणि सगळ्यांची पत्रे खोलीच्या एकाच पत्त्यावर 'केअर ऑफ' येत. कोणते कोणाचे हे खोलीवाला जाणे. राऊटर हेच करतो. बाहेरच्या जगाला एक पत्ता दिसतो, आतल्यांची नोंद राऊटर ठेवतो. नवा राऊटर त्याच्या 'वॅन' लिहिलेल्या खोबणीतून पहिल्याच्या मागे सरळ जोडला, की या खोलीत दुसरी खोली तयार होते. आतल्या खोलीत कोण राहते याची बाहेरच्या खोलीवाल्याला गंधवार्ता नसते.

'असे जोडूनही आमच्याकडे सगळे नीट चालते,' असे पुष्कळजण सांगतात, आणि ते खरे आहे. यूट्यूब, व्हॉट्सॲप, बँकेचे ॲप यांत संभाषण घरातून सुरू होते, त्यामुळे दोन नोंदवह्या ओलांडूनही उत्तर परत येते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. तो उघडा पडतो तो घरातल्या घरात. ओटीवरचा टीव्ही एका जाळ्यात आणि माडीवरचा मोबाइल दुसऱ्यात असल्याने चित्र टीव्हीवर पाठवता येत नाही, प्रिंटर 'सापडत नाही' म्हणतो, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर गायब होतो. दोन्ही डब्यांनी १९२.१६८.१ हाच पट्टा धरला असेल तर पुष्कळदा नेटच बंद पडते, आणि दोष नव्या राऊटरच्या माथी जातो.

याला उपाय दोन. जाणकार म्हणवणाऱ्यांचा लाडका उपाय म्हणजे कंपनीच्या डब्याला 'ब्रिज मोड'मध्ये टाकणे. मग तो प्रकाशाचे इथरनेटमध्ये रूपांतर करण्यापुरता उरतो, आणि लॉगिन, पत्तेवाटप, फायरवॉल हे सारे नवा राऊटर सांभाळतो. तत्त्वतः हे स्वच्छ आहे. पण पुष्कळ ठिकाणी लँडलाइनचा फोन त्याच डब्यावर चालतो आणि सेटिंग चुकले तर तो मुका होतो. नेट बंद पडल्यावर कंपनीचा माणूस 'राऊटर तुमचा आहे' म्हणून हात वर करू शकतो. ब्रिजचे मोठे आकर्षण म्हणजे मुंबईत बसून गावच्या घराचा कॅमेरा थेट पाहणे. पण ते अनेकांच्या बाबतीत साधतच नाही. पत्त्यांच्या टंचाईमुळे कित्येक कंपन्या स्वतःच्या केंद्रातही नॅट लावतात, आणि त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ असा पट्टा वेगळा राखला गेला. डब्याच्या माहितीपानावर बाहेरचा पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर घरात कितीही ब्रिज बांधा, बाहेरून दार उघडणार नाही. त्यावरचा खरा इलाज आयपीव्ही६, म्हणजे त्याच प्रोटोकॉलची सहावी आवृत्ती, हा आहे, आणि त्याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

म्हणून सामान्य घरासाठी दुसरा, कमी रुबाबाचा उपाय बरा: राऊटरगिरी जुन्या डब्याकडेच ठेवावी आणि नव्याला 'ॲक्सेस पॉइंट' करावे. बहुतेक नव्या राऊटरमध्ये त्या नावाची सोय असते. नसेल तर त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप, बंद करावे, त्याला त्याच पट्ट्यातला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा आणि तार वॅनमध्ये न घालता दोन्हीकडे 'लॅन' लिहिलेल्या खोबणीत घालावी. तार एकच, बरे का. 'जास्त वेग येईल' म्हणून दोन तारा जोडल्या तर संदेश गोल फिरत राहून अख्खे जाळे गुदमरते. वायफायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवावेत, म्हणजे मोबाइल चालता चालता जवळचा डबा धरतो. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा. अपवाद एकच मान्य करावा लागेल: कंपनीचा डबा फार जुना, सॉफ्टवेअर न सुधारणारा असेल तर ब्रिजचा खटाटोप सार्थ ठरतो. दुर्लक्षित यंत्रे हल्लेखोरांच्या हाती लागतात: २०१६ मध्ये 'मिराई' या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच असलेले कॅमेरे आणि राऊटर लाखांनी ताब्यात घेतले होते. पासवर्ड बदलणे मात्र दोन्ही उपायांत तितकेच आवश्यक.

तार ओढायची कटकट नको म्हणून प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेण्याकडे ओढा असतो. साधा रिपीटर त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो बसवतात नेमका रेंज नसलेल्या खोलीत, जिथे त्यालाच ऐकू येत नाही. त्यापेक्षा 'कॅट ६'ची तार कौलाखालून किंवा भिंतीच्या कडेने एकदा नेलेली बरी. १०० मीटरपर्यंत ती पूर्ण वेग देते. मात्र तार अंगण ओलांडून मागच्या वेगळ्या घरात न्यायची असेल तर तांबे वापरू नये. कोकणात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा जोरात असतात, आणि जवळपास वीज पडली तरी अशा तांब्याच्या तारेत झटका शिरून दोन्ही टोकांचे डबे जळू शकतात. तेवढ्या टप्प्यासाठी धातूचा आधार नसलेली फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लावावेत. काचेतून वीज वाहत नाही.