काचेची फट आणि गुंगीची वाफ

रात्री गांधीबागेतील घाऊक कापडबाजाराची दुकाने एकामागून एक बंद होऊ लागतात. दिवसभर हातगाड्या आणि रिक्षांनी गजबजलेल्या नागपूरच्या या भागात मग मालमोटारींना जागा मिळते. कापडाच्या गाठी सकाळी उतरवायच्या असतात. तोपर्यंत राखण कोणी करायची? ड्रायव्हर आणि क्लीनर यांनीच, केबिनमध्ये झोपून.

अशा एखाद्या ड्रायव्हरला विचारा, "भाऊ, एवढ्या उकाड्यात काचा कशाला लावून घेता?" उत्तर बहुधा असे मिळेल : "फट ठेवली तर चोर आत गुंगीचा फवारा मारतात जी! सकाळी डोके जड, आणि माल गायब."

ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. युरोपात पुष्कळ कुटुंबे चाकांवरच्या घरात, म्हणजे मोटरहोममध्ये, सुट्टी घालवतात. फ्रान्समधील कॅले बंदरातून इंग्लंडला जाणारी पहाटेची फेरीबोट गाठायची, म्हणून आदल्या रात्री बंदराजवळच गाडी उभी करून झोपतात. तेथेही हीच कथा सांगितली जाते. कोणी तरी फटीतून वायू सोडला, सारे कुटुंब मेल्यासारखे झोपले आणि सकाळी पाहतात तो पैसे व पारपत्रे नाहीशी! ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मात्र यावर स्पष्ट निवेदन दिले आहे : खिडकीतून ईथर किंवा क्लोरोफॉर्म सोडून झोपलेल्या माणसांना त्यांच्या नकळत बेशुद्ध करणे शक्य नाही.

विद्यार्थी मित्रहो, कॉलेज मोठे आहे म्हणून त्याचे म्हणणे तसेच मान्य करण्याचे कारण नाही. शाळेतल्या रसायनशास्त्रावर ते ताडून पाहता येते.

केबिन २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे असे धरू. तिचे घनफळ झाले ६ घनमीटर, म्हणजे ६,००० लिटर. माणूस बेशुद्ध व्हायला श्वासातील हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा १ ते २ भाग तरी लागते. आपण दीड भाग धरू. म्हणजे ९० लिटर वाफ हवी. नेहमीच्या तापमानाला कोणत्याही वायूचा एक ग्रॅम-रेणू सुमारे २४.५ लिटर जागा व्यापतो, आणि क्लोरोफॉर्मचा रेणुभार ११९.५ आहे. भागाकार-गुणाकार करून पाहा. उत्तर सुमारे ४४० ग्रॅम येते. क्लोरोफॉर्म पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्याने हे झाले ३०० मिलिलिटर, म्हणजे तीन कप चहाएवढा द्रव.

हा सगळा द्रव चोराने फटीतून आत सोडायचा, त्याची संपूर्ण वाफ व्हायची आणि ती जराही बाहेर निसटायची नाही! क्लोरोफॉर्म उकळतो ६१ अंश सेल्सिअसला. फवारला तरी पुष्कळसे थेंब खाली पडणार, आणि बाष्पीभवनामुळे स्वतःच थंड होऊन आणखी सावकाश उडणार. शिवाय त्याची वाफ हवेच्या चौपट जड. ती आधी पायाशी साचेल. झोपणारा असतो वरच्या फळीवर. ईथरची गोष्ट याहून अवघड. त्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास लागते, म्हणजे आपल्या केबिनसाठी अडीच लिटर ईथर. त्याच्या उग्र वासाने खोकल्याची उबळ येते. आणि कोणी बिडी पेटवली तर चोर, ड्रायव्हर आणि कापड यांचा एकाच वेळी निकाल लागेल, कारण या प्रमाणातले ईथर व हवा यांचे मिश्रण स्फोटक असते.

या कथेचे वय मात्र मोठे आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोचे जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. त्यानंतर तीन-चार वर्षांतच लंडनमध्ये बोलबाला झाला, की चोर रस्त्यात रुमाल नाकाशी नेऊन माणसाला क्षणात बेशुद्ध करतात. पटकीचा प्रसार दूषित पाण्यातून होतो हे पुढे दाखवून देणारे जॉन स्नो हे त्या काळचे नामवंत भूलतज्ज्ञही होते. त्यांनी या कथांचा समाचार घेतला. क्षणात काही होत नाही, मिनिटे लागतात. जागा माणूस झटापट करतो आणि झोपलेला बहुधा जागा होतो, असे त्यांचे म्हणणे. नाकापाशी धरून, मात्रा हळूहळू वाढवीत झोपलेल्याला भूल देणे कुशल डॉक्टरला एखादे वेळी साधते, पण ते फटीतून फवारण्याहून फार निराळे काम आहे. स्नो यांनी १८५१ मध्ये लॉर्ड कॅम्बेल या मुख्य न्यायाधीशांना पत्रही लिहिले. तरीही क्लोरोफॉर्मचे कलम त्या वर्षीच्या कायद्यात आलेच. भीती ही गणितापेक्षा वेगाने धावते!

आणि असा वायू खरोखर सोडला तर काय होते? जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात एका पंधरा वर्षांच्या मुलीला पायाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिले. डॉक्टर समोर असताना ती काही मिनिटांत दगावली. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या एका नाट्यगृहात ओलिसांना सोडविण्यासाठी रशियन दलांनी गुंगी आणणारे अतितीव्र द्रव्य आत सोडले. त्यात शंभराहून अधिक ओलीस मृत्युमुखी पडले. झोप आणि मरण यांच्यामधली मात्रेची पट्टी इतकी अरुंद असते. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळून हलत नाही, तो त्यामुळेच.

मग ड्रायव्हर खोटे बोलतो का? मुळीच नाही. माल खरोखर जातो आणि डोके खरोखर जड असते. दिवसभर गाडी हाकून थकलेला माणूस रात्रीच्या पहिल्या प्रहरांत गाढ झोपेत असतो. ताडपत्री कापल्याचा आवाज त्याला उठवू शकत नाही. चोराला फवाऱ्याची गरजच पडत नाही. आणि गुंगी द्यायचीच असेल तर जुना मार्ग पोटातून जातो. उकिरड्याच्या कडेला उगवणारा धोतरा तुम्ही पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकात त्याच्या बिया अन्नात मिसळून वाटसरूंना लुटणाऱ्यांच्या कितीतरी हकिकती नोंदलेल्या आहेत. हल्ली त्या जागी झोपेच्या गोळ्या आल्या, आणि त्या चहातून किंवा बिस्किटातून दिल्या जातात. अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका, असे रेल्वे प्रवाशांना बजावते ते याचसाठी. १८६० च्या भारतीय दंड संहितेत यासाठी ३२८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १२३ वे आहे.

आता त्या जड डोक्याकडे वळू. चोराच्या भीतीने काचा घट्ट लावल्या, आणि थंडी आहे म्हणून आत शेगडी ठेवली किंवा चहासाठी स्टोव्ह पेटवला, तर काय होईल? अपुऱ्या हवेत जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड देतो. याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २१० पट घट्ट धरते. हवेत ऑक्सिजन शेकडा २१ भाग. म्हणजे हा वायू शेकडा ०.१ भाग असला, तरी काही वेळाने जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन तो बळकावून बसतो, आणि त्यापुढे माणूस वाचणे कठीण.

आपल्या ६,००० लिटरच्या केबिनमध्ये शेकडा ०.१ भाग म्हणजे ६ लिटर. तेवढ्यासाठी कार्बन किती जळावा लागतो? पुन्हा तेच गणित : पाव ग्रॅम-रेणू, म्हणजे ३ ग्रॅम. शेगडीतल्या कोळशाचा थोडाच भाग या वायूत जातो हे खरे. पण शेगडीत कोळसा ३ ग्रॅम नसतो, अर्धा-एक किलो असतो. तिकडे तीन कप क्लोरोफॉर्म, इकडे चिमूटभर कोळसा!

इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी असतो, पण सायलेन्सरचा नळ फुटला असेल किंवा गाडी भिंतीला खेटून उभी असेल तर धूर आत शिरतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. सोय चांगली आहे. पण त्यासाठी रात्रभर काचा लावून इंजिन चालू ठेवण्याचा मोह होईल, त्याचा विचार गाडीमालकांनी करायला हवा.

तेव्हा काच दोन बोटे उघडी ठेवावी, दोन्ही बाजूंची. दार आतून कडीने बंद असावे, गाडी दिव्याखाली उभी असावी, आणि शेगडी नेहमी बाहेर. केबिनमध्ये कोणी डोके दुखते, मळमळते म्हणत असेल, बरळत असेल किंवा उठवूनही उठत नसेल, तर आधी दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढून आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला तरी थांबू नये. कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्यातला फरक ओळखता येत नाही.