लिव्हर धुणारा काढा नसतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या वस्त्यांत आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : “ताई, लिव्हर साफ करायला कोणता काढा घ्यावा?” उत्तर सरळ आहे : कोणताच नाही. रक्तातले विषारी पदार्थ निकामी करण्याचे काम लिव्हर स्वतःच करते. लिंबूपाण्याने तहान भागते, लिव्हर धुतले जात नाही.

उलट काढा अंगावरही येऊ शकतो. २०२० साली सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तरी ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ असे धरून चालू नये.

कावीळ झाल्यावर गळ्यात माळ घालून, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन दिवस घालवू नका. पाणी पिवळे होते ते हाताला चोळलेल्या पाल्या-सालीने, कावीळ उतरल्याने नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचार २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत.

रोजचे पथ्य एवढेच : दारू बंद. रात्री पिऊन सकाळी काढा, हा हिशेब जुळत नाही. पाचवे शील पाळले तर लिव्हरही वाचते. पाणी उकळून प्या. साखर, तळण कमी करा, रोज अर्धा तास चाला. दुखण्याच्या गोळ्या मनाने खाऊ नका. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस द्या.

बाटलीचे पैसे वाचवा. त्यात लेकरांची डाळ-भाजी येईल.