लाल टिकली नेम दाखवत नाही, अंतर दाखवते
छऱ्याच्या बंदुकीवरील लेसरचा खरा उपयोग

आंब्याच्या कलमांवर कैरी धरू लागली की रत्नागिरीच्या बागायतदाराची झोप उडते. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर बागेत उतरतात, खातात थोडे आणि नासधूस करतात फार. मग कोणी फटाके लावतो, कोणी पत्र्याचा डबा बडवतो, तर कोणी बाजारातून छऱ्याची बंदूक आणतो. हल्ली या बंदुकीवर लेसरची छोटी बॅटरीही बसवून मिळते. चाप ओढण्याआधी समोर लाल टिकली पडते. घेणाऱ्याला वाटते, "टिकली जिथं, छर्रा तिथं." नेमकी इथेच फसगत होते.

प्रकाश सरळ जातो, छर्रा सरळ जात नाही. नळीतून सुटल्याबरोबर तो खाली येऊ लागतो. साध्या बंदुकीचा छर्रा सेकंदाला साधारण १८० मीटर वेगाने निघतो. अशा बंदुकीची दुर्बीण २० मीटरवर जुळवली, तर ३० मीटरवर छर्रा सुमारे चार सेंटिमीटर खाली लागतो आणि ४० मीटरवर तेरा-चौदा सेंटिमीटर खाली. बंदुकीप्रमाणे आकडे थोडे बदलतील. पण अंतर चुकले की नेम चुकला, एवढे मात्र पक्के.

मग लेसरचा उपयोग काय? उपयोग आहे, पण अंतर मोजायला. समजा लेसर दुर्बिणीच्या बरोबर खाली चार सेंटिमीटरवर, दुर्बिणीला समांतर बसवला आहे. टिकली कुठेही पडली तरी ती फुलीच्या चार सेंटिमीटर खालीच असणार. पण लांबची वस्तू लहान दिसते, तसे हे चार सेंटिमीटरही लांबवर लहान दिसतात. दुर्बिणीत फुलीच्या खाली बारीक खुणा असतात. त्या 'मिल'च्या असतील तर एक खूण म्हणजे १० मीटरवर एक सेंटिमीटर. म्हणजे टिकली चौथ्या खुणेवर दिसली तर अंतर १० मीटर, दुसऱ्या खुणेवर दिसली तर २० आणि पहिल्या खुणेवर दिसली तर ४०. पट बदलणाऱ्या दुर्बिणीत बहुधा हा हिशेब एका ठरावीक पटावरच जमतो, हे ध्यानात ठेवावे.

हिशेब नको असेल तर सोपा मार्ग आहे. बंदूक रिकामी ठेवून फळ्यावर एक फुली आणि तिच्या खाली चार सेंटिमीटरवर एक ठिपका काढा. १० आणि ३० मीटर या दोन्ही अंतरांवर फुली फुलीवर आणि टिकली ठिपक्यावर आली, की लेसर समांतर बसला. मग टेपने मोजून १०, १५, २०, २५ आणि ३० मीटरवर फळा ठेवा, टिकली कुठल्या खुणेवर येते ते कागदावर लिहा आणि तो कागद दस्त्याला चिकटवा. ज्यांची कलमे १० बाय १० मीटरवर ओळीत लावलेली आहेत, त्यांना तर पडताळा घरचाच! तीन ओळी म्हणजे ३० मीटर.

या युक्तीला मर्यादाही आहेत. ३० मीटरच्या पुढे टिकलीची जागा इतकी थोडी सरकते की डोळा फसतो. कोकणातल्या भर दुपारच्या उन्हात टिकली दिसतच नाही. सावलीत नाहीतर तिन्हीसांजेलाच दिसते. शिवाय लेसर कोणाच्याही डोळ्यावर मारू नये, खेळण्यातसुद्धा नाही.

नेमबाजीच्या खेळात या युक्तीची गरज पडत नाही. २०२२ साली कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील एअर रायफलचा विश्वविजेता झाला. त्या खेळात अंतर नेमके १० मीटर असते आणि दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. तिथे ना लेसर चालतो, ना दुर्बीण. शाळेतल्या मुलांना गोडी लावायची तर याच खेळाची लावावी.

आता बागेचे बघू. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण बंदुकीला परवाना नको, म्हणजे माकडावर मारायला मोकळीक, असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माकड आणि वानर दोघांनाही संरक्षण आहे, आणि प्राण्याला जखमी करणे हेही शिकारीतच धरले जाते. छर्रा बहुतेक वेळा जीव घेत नाही. डोळा फोडतो, पायात रुततो. नेम चुकला तर तो पानांतून पार दूर जातो, आणि पलीकडच्या कलमावर घळ घेऊन एखादा गडी चढलेला असू शकतो.

म्हणून ही विद्या फळ्यावर आणि रिकाम्या डब्यावर शिकावी, मागे मातीचा बांध किंवा दरड बघून. माकडांना आवाजाने आणि राखणीने हाकलावे, आणि नुकसान झाले तर वनखात्याकडे वेळ न घालवता अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनी हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत एवढे दोन शब्द सांगितले, तरी एखाद्याचा डोळा वाचेल आणि एखाद्या बागायतदाराची कोर्टाची पायरी टळेल.