एकात्मिक तेलकंपनीच्या भागाचे मोल

आरमोरीच्या परिसरात टसरचा व्यवहार दोन हातांत वाटला गेलेला दिसतो. ऐन व अर्जुन या झाडांवर अळ्या पाळून कोसा काढणारा ढिवर एकीकडे, आणि त्या कोशाचे सूत काढून कापड विणणारा दुसरीकडे. कोसा महागला म्हणजे पहिल्याचे साधते व दुसऱ्याचे बिघडते. स्वस्त झाला म्हणजे नेमके उलट. एकाच कुटुंबाने दोन्ही कामे अंगावर घेतली, तर एका टोकाची तूट दुसऱ्या टोकाला भरून निघेल, हा तर्क सहज सुचतो. तेल उपसण्यापासून ते शुद्ध करून पंपावर विकण्यापर्यंत सर्व व्यवहार करणाऱ्या कंपनीस ‘एकात्मिक’ म्हणतात, त्यामागे हाच तर्क आहे. भाग विकत घेऊ पाहणाऱ्याने हे विशेषण कितपत खरे मानावे, हा येथे प्रश्न आहे.

१९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाला, म्हणजे आजच्या ओएनजीसीला, १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. त्याच वर्षी एस्सो कंपनीचा येथील कारभार सरकारकडे येऊन हिंदुस्थान पेट्रोलियमचा जन्म झाला. तिचा एक कारखाना मुंबईत माहुल येथे आहे. समुद्रातली विहीर व किनाऱ्यावरची भट्टी या दोहोंचा संसार मात्र फार उशिरा एक झाला. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांस घेतला.

या एकीची कसोटी एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत लागली. युक्रेनमधील युद्धामुळे खनिज तेल महागले होते. ओएनजीसीला १५,२०६ कोटींचा नफा झाला, तर हिंदुस्थान पेट्रोलियमला सुमारे १०,१९७ कोटींचा तोटा. विशेष हे की, शुद्धीकरणात त्या वेळी जगभर उत्तम नफा होता. तूट आली ती पंपावर, कारण तेथील भाव खरेदीच्या मानाने वाढू दिले गेले नाहीत. वरच्या टोकाचा लाभही पुरता हाती राहिला नाही. १ जुलै २०२२ पासून देशी खनिज तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसला. पुढे तो वरखाली होत राहिला व डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. दोन्ही टोके परस्परांस सावरतात हे गणित भाव मोकळे असतील तेथेच जमते. येथे नफ्याला छत आहे, तोट्याला जमीन नाही. शिवाय हिंदुस्थान पेट्रोलियमच्या लाभातला निम्म्याहून थोडा अधिक वाटाच ओएनजीसीच्या भागधारकाचा. म्हणून एकट्या कंपनीचा ताळेबंद न पाहता समूहाचा एकत्रित ताळेबंद पाहावा आणि त्यातून इतर भागधारकांचा वाटा वजा करावा.

भागाचा भाव मिळकतीच्या किती पट आहे, हे परिमाण सर्वत्र वापरतात. तेलाच्या धंद्यात ते बहुधा फसवते. तेल महाग असता मिळकत फुगते व भाग स्वस्त भासतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला, तशा काळात मिळकत आटते व भाग महाग भासतो. यास्तव एका वर्षाची नव्हे, तेजी व मंदी दोन्ही सामावतील इतक्या वर्षांची सरासरी मिळकत धरावी.

‘साठा’ हा शब्दही जपून वाचावा लागतो. मराठीत साठा म्हटला की कोठारात मोजून ठेवलेले धान्य डोळ्यांपुढे येते. तेलाचा साठा हा मात्र अंदाज असतो, आणि तोही भावाशी बांधलेला: भाव उतरला की जमिनीतले तेल तेवढेच राहूनही काढण्याजोगा साठा घटतो. मुंबई हाय हे क्षेत्र आता जुने झाले असून त्याचे उत्पादन सावरण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेतली.

लाभांशाचा विचार याच अंगाने करावा. ढिवर सगळाच कोसा विकत नाही. पुढच्या पिकाच्या अंड्यांसाठी काही कोष राखतो. कंपनीने वर्षभरात जितके तेल उपसले तितका नवा साठा जोडला की नाही, हे तिच्या वार्षिक अहवालात सापडते. जोडला नसेल, तर हाती आलेल्या लाभांशात काही अंश मुद्दलाचा असतो.