गिऱ्हाईक भिंत वाजवून बघतं

वाशीमकडे घर बघायला आलेलं गिऱ्हाईक चहा घेता घेता बोटांच्या पेरांनी भिंत वाजवतं. भदभद आवाज आला की गिलावा सुटलाय हे त्याला कळतं. मग ते नळ सोडून बघतं, मान वर करून स्लॅबवर ओलीचा डाग शोधतं. सोबतच्या बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून हात फिरवतात. बाहेर पडल्यावर दोघांची नजरानजर होते आणि भाव लाखा-दोन लाखांनी खाली येतो. विकणारा बिचारा सगळा वेळ हॉलमधलं नवं पीओपी दाखवत असतो.

१ जुलै १९९८ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला. घर घेणाऱ्यांत इथे शिक्षक आहेत, बँकवाले आहेत, आणि पोरांच्या शिक्षणासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला यायचं म्हणणारे सोयाबीन-तुरीचे शेतकरीही आहेत. या मंडळींना सजावटीचं कौतुक असतं, पण ते तिचे पैसे मोजत नाहीत. भीती वाटली की मात्र पैसे कापतात. म्हणून विकण्याआधी खर्च करायचा तो त्यांची भीती घालवण्यावर.

पहिली भीती भेगांची. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, कारण तिच्यात पाणी धरणारी चिकणमाती भरपूर असते. पाया उथळ असेल तर तो दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. तिच्यावर पुट्टी थापून रंग दिला तर पुढच्या वैशाखात ती पुन्हा हसते. आधी भेग जिवंत आहे की मेलेली हे बघावं. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवायची, तारीख लिहायची आणि एक पावसाळा, एक उन्हाळा थांबायचं. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. अशा वेळी इंजिनिअरला बोलवावं, रंगाऱ्याला नव्हे. काच शाबूत राहिली तर भेग खोदून, रुंद करून, लवचीक मसाला भरावा. घराभोवतीचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून बाहेरच्या उताराची फरशी नीट करणं तर घरातल्या कोणत्याही टाइलपेक्षा मोलाचं.

ओलीचं कारण तिच्या जागेवरून कळतं. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेली ओल बहुधा जोत्यातून येते, छताला डाग असेल तर गच्ची गळते आणि भिंतीच्या मध्येच ओला पट्टा असेल तर पाइप फुटलेला असतो. दिवाळीच्या घाईत आपण पावसाने भिजलेल्या भिंतीवरच पुट्टी लावतो आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. भिंत पुरती वाळू द्यावी. रंग दिवाळीनंतर दिला म्हणून लक्ष्मी रुसत नाही.

पाण्याचा प्रश्न गिऱ्हाईक विचारणारच. वाशीम शहराला एकबुर्जी धरणाचं पाणी, जिल्ह्यातल्याच कारंज्याला अडाण धरणाचं. पण नळ रोज येईलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे जमिनीतलं टाकं, गच्चीवरची टाकी, मोटर आणि न गळणाऱ्या तोट्या या गोष्टी चालू करून दाखवाव्यात. टाकं धुऊन घेतलं तर उत्तम.

उन्हाचंही तसंच. पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मुलखात पीओपीने छत खाली आणून पंखा डोक्यावर टेकवणं मला तरी पटत नाही. त्याच पैशात गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर द्यावा आणि खिडकीशी कूलरची जागा, प्लग व पाण्याची सोय करावी. दुपारी तीनला घर दाखवलं तरी चालतं, उलट तेव्हाच दाखवावं.

स्वयंपाकघरात महागडं मॉड्यूलर बसवायची गरज नाही. तुटक्या कडप्प्याऐवजी ग्रॅनाइटचा ओटा, खोल सिंक, धूर ओढणारा पंखा, भरपूर उजेड एवढं पुरतं. घरात म्हातारी माणसं असतील तर एक कमोड लागतोच. भारतीय बैठकीचा संडास एकुलता एक असेल तर तेवढा बदलावा.

जुना वाडा विकणाऱ्यांना एक सांगणं. कारंज्यात काष्ठासंघाच्या जैन मंदिरात लाकडी कोरीवकाम बघायला लोक येतात. तुमच्या दारचं सागवानही तसंच जपावं. त्याच्यावर ऑइल पेंटचा जाड थर चढवू नका. घासून, तेल पाजून ठेवा आणि वाळवी बघून घ्या.

कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार जागा, बांधकामाचं वय आणि मंजूर नकाशा बघतो. पडद्यांना आणि वॉलपेपरला तो फारसं मोल देत नाही. नगरपालिकेच्या कराची पावती नसेल तर इटालियन मार्बलही घर विकून देणार नाही. आणि भेग झाकून विकायचा मोह होत असेल तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ वाचा: सहज न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष विक्रेत्याने सांगायचा असतो. नवा ओटा, नवं टाकं यांची बिलंही जपून ठेवा. भांडवली नफ्याचा हिशोब करताना सुधारणेचा खर्च वजा मागता येतो. नुसत्या रंगरंगोटीचा सहसा नाही.